चपट्या टीव्हीवरची बदकं

"धर, धर, भैऱ्या! आपटशील, काच हाय आत!"

शिकंदर असा वरडत होता की बघणाऱ्याला वाटावं, टेम्पोतनं आम्ही बाळंतीण उतरवतोय. खोक्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. खोकं एवढं रुंद की तंबूच्या तोंडातनं जाईना. शेवटी एका बाजूचा बांबू उपटला तेव्हा आत गेलं.

"काय हाय रं ह्यात? तुझ्या सासऱ्याचा पलंग?"

"टीव्ही हाय. फोर के."

"म्हंजे?"

"म्हंजे... साफ." पुढचं त्याला पण ठाऊक न्हवतं. "दुकानदार म्हणला, साध्या टीव्हीवर जिथं एक ठिपका, तिथं ह्याच्यावर ठिपक्यांची रांगोळी. मुंगीचे पाय मोजून घे म्हणला."

"गिऱ्हाईक खेळाय येतंय का मुंगीचे पाय मोजाय?"

"तू पाळणेवाला. तुला काय कळायचं!"

खरं होतं त्याचं. माझा आकाशपाळणा, त्याचा व्हिडिओ गेमचा तंबू. उमेदीची समदी वर्षं आम्ही जत्रा-उरूस शेजारी शेजारी लावून काढली. माझा पाळणा फिराय लागला की पोरं वर जायची, खाली उतरली की डोकं धरून त्याच्या तंबूत शिरायची. त्याच्याकडं तीन डब्बा टीव्ही होते, पाठीमागं पोट असलेले, जुने. त्याला कॅसेटची मशिनं जोडलेली. एकावर गाड्या पळायच्या, एकावर मारामारी, आन् तिसऱ्यावर बदकं. बदकं उडाय लागली की वायरीला बांधलेली प्लास्टिकची बंदूक रोखायची आन् चाप वढायचा. लागलं तर बदक खाली. चुकलं तर मशीन टुंई टुंई करून तुमची चेष्टा करायचं.

"आन् ते तीन डब्बे कुठं हायत?" मी तंबूत इकडं तिकडं बघितलं.

"दिले दुकानात. ह्याच्या बदल्यात."

"तिन्ही?"

"तिन्ही. ओझं गेलं. दर गावाला तुझाच मणका मोडायचा की ते उचलताना." मग खोकं फोडता फोडता मान खाली घालूनच म्हणला, "जैतूनला सांगावा धाडलाय. आज येणार हाय ती. दिलावर घेऊन येतोय."

तेव्हा मला कळलं, बांबू कशापायी उपटला ते.

जैतून त्याची बायको. ती त्याला मिळाली ती पण ह्या बंदुकीवरच. ह्याच बेळंकवाडीच्या उरसात मैतरणींबरोबर आलेली, बंदूक हातात घेतली आन् एक बदक म्हणून आभाळात ऱ्हाऊ दिलं न्हाई. शिकंदरचा नियम होता, समदी बदकं पाडली की पुढचा डाव फुकट. ही बया फुकटचे डाव खेळत बसली ते उरूस उठायची वेळ झाली. शिकंदर मला म्हणला, "भैऱ्या, हिला घरात घेतल्याबिगर माझा धंदा वाचत न्हाई." मी म्हटलं, घे मग. घेतली.

लगीन झाल्यावर ती तंबूच्या तोंडाशी बसायची. गर्दी पातळ झाली की शिकंदर भोंग्यावर वरडायचा, "या, या, बघा, बाईमाणसाचा नेम बघा!" आन् ती डोक्यावरचा पदर दातात धरून बंदूक उचलायची. पट, पट, पट. माणसं गोळा व्हायची. पैलवान गडी म्हणायचे, बाईला जमतंय तर आपल्याला का न्हाई? तिथंच ते फसायचे. तंबूची पाटी, जाहिरात, काय म्हणाल ते, जैतूनच होती.

मग त्यांना पोरगी झाली. आठ-नऊ म्हयन्यांची असंल, थंडीच्या दिवसात नदीकाठच्या एका जत्रेत तापानं गेली. राहुटीतच गेली. मी पाळणा बंद करून पळालो तोवर संपलं होतं. जैतून तिला मांडीवर घेऊन बसलेली, कुणाला हात लावू देईना. माती झाली त्याच दिवशी दिलावर, तिचा भाऊ, आला आन् बहिणीला माहेरी घेऊन गेला. बेळंकवाडीत त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींना तार भरायचं दुकान. माणूस वाईट न्हवता. शिकंदरला एवढंच म्हणला, "दाजी, तुमचं बस्तान नीट बसू द्या. तिचं मन झालं की मी सोता आणून सोडीन. तिच्या मनाविरुद्ध न्हाई."

तिचं मन काय झालं न्हाई. एक हंगाम गेला, दुसरा गेला. मोबाईल आले आन् तंबूत पण कुणी शिरंना झालं. आन् शिकंदरच्या डोक्यात एकच बसलं. टीव्ही जुना, चित्र गढूळ, म्हणून गिऱ्हाईक न्हाई. गिऱ्हाईक न्हाई म्हणून बस्तान न्हाई. बस्तान न्हाई म्हणून जैतून न्हाई. गडी टीव्हीच्या मागं लागला.

"लावून तरी बघितलास का दुकानात?" मी इचारलं.

"बघितलं की! गाड्यांचा खेळ लावला त्यानं. भैऱ्या, काय सांगू, रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. गाडीच्या आरशात मागचं झाड दिसत होतं!"

"आन् बदकं?"

"गाड्या दिसतात त्याला बदकं दिसणार न्हाईत का? येडा का खुळा तू!"

दुपारी जैतून आली. वाळली होती. पण चालणं तेच, ताठ. दिलावर वळखीच्या माणसाशी बोलत मागं ऱ्हायला होता, तेवढ्यात ती माझ्या तिकिटाच्या टेबलाशी आली.

"भैरूभाऊ, बरे हायसा?"

"आमचं काय, फिरतोय गरगर. वहिनी, तुम्ही लई दिवसांनी."

तिनं पदराखालनं एक कापडी पिशवी काढली. चांगली फुगलेली. टेबलाखाली सारली.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ह्यांना सांगू नका आत्ताच."

"काय हाय?"

"दोन लुगडी हायत. आन् काय असणार!" म्हणली आन् हसली. ते हसू बघून मला उमगलं. मुक्कामाला आली होती ती. भावाला पण सांगितलं नसावं. मनाशी ठरवून आली होती, आन् तरी अजून एक पाऊल मागं ठेवून बघत होती.

"वहिनी, त्यानं लई धडपड केली हो," मी म्हटलं.

"दिसतंय की. तंबूचं दार मोडून टीव्ही आत घेतलाय." परत हसली. "खुळं हाय माणूस."

उरसाच्या माळावर दिवसा करंट नसतो. कडुसं पडलं की जनरेटर लागतो, तोवर समदे दुकानदार हात चोळत बसतात. त्यामुळं टीव्ही नुसता काळा काळा उभा होता आन् त्यात आमचीच तोंडं दिसत होती. शिकंदर त्यालाच फडकं मारत होता. जैतून समोर खुर्चीवर बसली, तरी ह्याचं फडकं थांबंना.

"च्या पितीस?"

"प्यालेय घरात."

"काच बघ कशी हाय. बोट लावू नको, डाग पडतो."

"न्हाई लावत."

मी मनात म्हटलं, आरं गाढवा, काचेचं काय सांगतोस तिला! पण नवराबायकोच्या मधी पाळणेवाल्यानं पडू नये.

जनरेटर धडधडला. माळभर दिवे लागले, माझा पाळणा उजळला, आन् शिकंदरचा टीव्ही पेटला. खोटं कशाला बोलू, आम्ही समदे आ करून बघत ऱ्हायलो. नवं मशीन लावून त्यानं गाड्या सोडल्या. ओला रस्ता, त्यात दिव्यांची पडछाया, चाकाचा नट पण दिसंल असा. बघता बघता तंबूपुढं माणूस मावंना. एक म्हातारा तर म्हणला, "आरं, ही गाडी बाहेर यील, बाजूला व्हा!"

दिलावर सुद्धा म्हणला, "दाजी, झ्याक हाय."

शिकंदरची छाती फुगली. त्यानं भोंगा उचलला. "थांबा, थांबा, मंडळी! गाड्या मागनं. पहिला डाव मालकिणीचा! बाईमाणसाचा नेम बघा, आता नव्या टीव्हीवर बघा!"

जुनं कॅसेटचं मशीन, त्याची पिवळी-तांबडी वायर टीव्हीला खुपसली. बंदूक जैतूनच्या हातात दिली. तिनं ती हातात घेऊन जरा वजन केलं, लेकरू उचलून बघावं तसं. मग पदर दातात धरला.

बदकं आली. पण ती बदकं न्हवतीच. जुन्या डब्यावर गोल, मऊ दिसायची, पंख खरोखर हलायचे. ह्या साफ टीव्हीवर त्याच बदकाचा चौकोन न् चौकोन सुटा झाला. विटा रचून केल्यागत बदक. कुणीतरी मागनं म्हणलं, "हे बदक हाय का वीटभट्टी?"

जैतूननं नेम धरला. चाप वढला.

टुंई टुंई.

परत वढला. टुंई टुंई. बदक आपलं निवांत उडतंय. परत. एक सुद्धा पडंना. ती टीव्हीच्या जवळ सरकली, परत मारलं. न्हाई. शिकंदरनं वायर हलवली. कॅसेट काढून फुंकर मारली, परत घातली. परत तेच.

गर्दी कुणाची असते का? "वहिनी, बदकं गेली उडून मिरजंला!" "आवो, छर्रे घालाय इसरला काय?" हशा. मग एक जण जोरात म्हणला, "मालक, टीव्ही डुप्लिकेट हाय वाटतं तुमचा!"

हे शिकंदरला लागलं. भोंगा हातातच होता. हसत हसत म्हणला तो, चेष्टेच्या सुरात, समद्या माळाला ऐकू जाईल असा, "टीव्ही एक नंबर हाय, मंडळी! टीव्हीचा काय दोष? हिच्याच हातात काय ऱ्हाईना झालंय आता!"

लई हसली माणसं. शिकंदर पण हसला.

जैतून हसली न्हाई, रडली न्हाई. बंदूक तिनं खुर्चीवर हळूच ठेवली, पदर नीट केला आन् गर्दीतनं वाट काढत बाहेर आली. माणसं आपणहून बाजूला झाली. माझ्या टेबलाशी आली.

"भैरूभाऊ, पिशवी."

"वहिनी, आवो, बदकंच ती. प्लास्टिकची बंदूक. त्याच्यावर काय जायचं?"

"द्या."

दिली. दिलावर पळत आला, काय झालं, काय झालं करत. "काय न्हाई दादा, घरला चला," एवढंच म्हणली. मी पाळणा सोडून तंबूत गेलो. शिकंदरनं परत गाड्या लावल्या होत्या आन् पोरांच्यात रिमोट वाटत होता.

"आरं, गेली ती!"

"जाऊ दे, लाजली असंल. यील उद्याच्याला." आन् एका पोराला रिमोट देत म्हणला, "तिला किती दिवस सवय न्हाई. नेम सुटतो माणसाचा."

दुसऱ्या दिवशी ती आली न्हाई. उरूस उठेपर्यंत आली न्हाई. शिकंदरनं गाठ घ्यायचा प्रयत्न केला, ती भेटली न्हाई. बंदुकीला त्यानं परत हात लावला न्हाई, पोत्यात गुंडाळून टेम्पोच्या फळीखाली टाकली. टीव्ही मात्र चालला. चांगला चालला. गावोगाव माणसं चित्र बघूनच खूश व्हायची. शिकंदर त्याची काच पुसायचा आन् मला म्हणायचा, "तिला अपशकून वाटला असंल, भैऱ्या. एक बदक पडलं असतं ना, एक, तरी ती ऱ्हायली असती." मला पण तसंच वाटायचं. लई वर्षं वाटत होतं.

पुढं त्यानं तंबू विकला. गुडघे गेले होते. एसटी स्टँडाजवळ खोली घेऊन एकटाच ऱ्हायचा, फुगे-खेळणी विकायचा. मी अजून पाळणा फिरवत होतो. अशात एका जत्रेत माझ्या शेजारी अथणीकडचा एक खेळवाला आला. त्याच्याकडं दोन जुने डब्बा टीव्ही. मी म्हटलं, "आरं बाबा, जग चपटं झालं, तू अजून हे पोटुशे टीव्ही कुठं वागवतोस?"

त्यो म्हणला, "बंदुकीसाठी, मालक. ही बंदूक गोळी मारत न्हाई. ही बघती. चाप वढला की डब्याच्या काचेवरचा उजेड तिला दिसतो, मग ती म्हणती, बसला नेम. चपट्या टीव्हीचा उजेड तिला कळत न्हाई. कितीबी साफ असूंदे, किती का मोठा असूंदे. अर्जुन आणून उभा करा, एक बदक पडायचं न्हाई."

मी त्याची बंदूक घेतली. आयुष्यात कधी नेम धरला न्हाई मी. पट, बदक पडलं.

पाळणा उतरवला आन् सरळ शिकंदरकडं गेलो. सांगितलं. त्याचं तोंड असं उजळलं की मला त्याच्यात पहिला शिकंदर दिसला.

"म्हंजे ती चुकली न्हवती!"

"न्हाई."

"आन् मी पण न्हाई! टीव्हीनं घात केला, भैऱ्या! एवढंच होतं होय? बावन्न इंची होता, खोक्यावर निळा पट्टा होता, त्या दुकानदारानं मला हळदीचं बोट लावून दिला होता, दुकानातला एक माणूस बोलला न्हाई बंदुकीचं!" उठून खोलीत फिराय लागला, गुडघे विसरून. "तू जा. तू सांग तिला. माझ्यावर इश्वास नसंल, तुझ्यावर हाय. म्हणावं, तुझा नेम बरोबर होता. म्हणावं, मी येतो न्यायला. मी स्टँडवर थांबतो, तू आलास की त्याच गाडीनं उलटा जातो."

गेलो बेळंकवाडीला. दिलावरच्या दुकानात मागच्या बाजूला जैतून बसली होती, मोटारीत तांब्याची तार भरत होती. केस पिकले होते. बोटं मात्र तशीच, एक वेढा दुसऱ्यावर चढत न्हवता.

"या, भैरूभाऊ. बसा. पाणी घ्या."

पाणी प्यालो आन् सांगितलं समदं. अथणीचा खेळवाला, डब्याचा उजेड, शिकंदरचे गुडघे, समदं. ती तार भरत ऐकत होती.

"ते मला तवाच कळलं होतं," ती म्हणली.

"काय?"

"नेम बसलाय ते. हाताला कळतंय की वो. पहिल्या चापालाच कळलं. मशीनला दिसलं न्हाई, मला दिसलं."

"मग... मग कशापायी गेलासा, वहिनी? पिशवी घेऊन आला होता तुम्ही."

तिनं तार तोडली, टोक दुमडलं. "ते भोंग्यावर काय म्हणले, ऐकलंत तुम्ही?"

"गर्दीत बोलला वो. चेष्टा केली. धंद्याची भाषा."

"पोरगी गेली तवा गर्दी न्हवती, भैरूभाऊ. राहुटीत आम्ही दोघंच. तुम्ही यायच्या आधी. तवा पण हेच म्हणले. तापाचा दोष न्हाई, थंडीचा न्हाई. तुझ्याच हातात काय ऱ्हात न्हाई." तिनं मोटार फिरवून दुसरी बाजू वर घेतली. "तवा मी म्हटलं, दुःखात माणूस बोलतो, तोंडातनं निघून जातं. सोडून दिलं. लई जड गेलं, पण सोडलं. म्हणून तर पिशवी घेऊन आले. आन् दुसऱ्यांदा तर ते आनंदात बोलले."

दिलावर पुढं गिऱ्हाईकाशी भावावरनं घासाघीस करत होता, त्याला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं. ठाऊक कुणालाच न्हवतं. तिनं आजवर कुणाला सांगितलंच न्हवतं.

"काय सांगू त्याला?" मी इचारलं.

"गुडघ्याला मोहरीचं तेल लावा म्हणावं. थंडीत लई दुखतात त्यांचे."

स्टँडवर शिकंदर बाकड्यावर बसलेला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, मांडीवर एक पुडकं, तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या वाटतं. मला बघून उठला.

"काय म्हणली?"

वाटंत येताना मी लई इचार केला होता, काय सांगायचं, काय गाळायचं. पण त्याचं तोंड बघून मला खोटं काय जमलं न्हाई. होतं तसं सांगितलं. राहुटीचं सांगितलं. भोंग्याचं सांगितलं. तेलाचं पण सांगितलं.

तो परत खाली बसला.

"भोंग्यावरचं आठवतंय," म्हणला. "ते बोललो मी. पण राहुटीतलं... पोरगी गेली त्या दिवशी... मी म्हटलो असं?"

"ती म्हणली, म्हटलास."

"मग म्हटलोच असणार. ती खोटं बोलायची न्हाई." त्यानं कपाळावर हात दाबला, आठवायला बसला, जोर लावून, डोळे मिटून. "पोरीचे हात आठवतात. गार झालेले. कंदील आठवतोय. हे आठवत न्हाई, भैऱ्या. काय केल्या आठवत न्हाई."

बेळंकवाडीची गाडी लागली. माणसं धावली. तो पुडकं घेऊन उठला, दारापाशी गेला, दांडीला हात लावला आन् माझ्याकडं वळला.

"जे आठवतच न्हाई त्याची माफी कशी मागायची रं?"

मागनं एक बाई लेकराला काखेत घेऊन आली, म्हणली, "आवो बाबा, चढतायसा का न्हाई?"

शिकंदर बाजूला झाला आन् तिला चढाय वाट दिली.